शेपूट धरणारी तोमीए

निशिमोरींच्या घरात सून म्हणून आली तेव्हा तोमीएच्या हाती पहिलं काम आलं ते चुलीचं नव्हतं, शेपटीचं होतं. पेटीतल्या कोंबड्याला एक दिवसाआड खाली उतरवून फिरवायचं असे. कोंबडा पुढे आपल्या तोऱ्यात चाले, सासरे काकुजी त्याच्यामागे वाकून शेपटीचा देठाकडचा भाग सांभाळत, आणि सगळ्यात मागे तोमीए दोन्ही हातांवर उरलेली लांबी तोलून धरी. टोक जमिनीला लागता कामा नये, वर ताणही बसता कामा नये. विहिरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. या कामाने तिला अशी काही सवय लागली की पुढे रिकाम्या हातांनी बाजाराला निघाली तरी तिची कोपरं अंगापासून जरा दूर आणि वर असत. गावातली पोरं मागून तिची नक्कल करत. ती वळून म्हणे, "अरे, डावा हात अजून वर. शेपूट लोळतेय तुझी!"

तोसा प्रांतात मोनोबे नदीच्या काठी आमची ही गावं. लांब शेपटीचे कोंबडे इथले, दुसरीकडे कुठे ते टिकत नाहीत असं म्हणतात. इतर कोंबड्यांची पिसं वर्षाला झडतात आणि नवी येतात. यांची शेपूट झडतच नाही, जन्मभर वाढत राहते. पूर्वी दरबारातल्या मिरवणुकीत भाल्यांना ही पिसं लावत. भाले गेले, कोंबडे राहिले. निशिमोरींच्या घरी उत्तरेकडच्या अंधाऱ्या खोलीत माणसाहून उंच, अरुंद अशी उभी लाकडी पेटी होती. वर गवताची दोरी गुंडाळलेला एक दांडा, त्यावर कोंबडा बसे आणि शेपूट खुंट्यांवरून वळसे घेत खाली उतरे. पांढरी मान, काळी शेपूट. नाव त्याला कधी कोणी ठेवलं नाही, सगळे 'पेटीतला' म्हणत. अंधारात तो शांत राही. दाणा, मुळ्याचा पाला, चिखलातले बारीक मासे त्याला वर दांड्यापाशी मिळत.

लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात तोमीएने पाहिलं की कोंबड्यांवर सोडायला काकुजींनी पेटीतल्याचा भाऊ काढला. साधाच, शेपूट कापून आखूड केलेला.

"बाबा, पिल्लं याची का धरायची? पेटीतला तर याच्याहून सरस आहे."

"म्हणूनच तर तो पेटीत आहे. कोंबडीवर चढला की शेपूट मोडते."

"मग सरस कोंबड्याची पिल्लं कुठे असतात?"

काकुजी हसले नाहीत. "सरस कोंबड्याला शेपूट असते. पिल्लं दुसऱ्याला असतात."

घराची रीतच तशी होती. प्रत्येक पिढीत अव्वल नर पेटीत जाई आणि दुय्यम नर वंश चालवी. तोमीएला ते ऐकून कसंसंच झालं, पण नव्या सुनेने किती बोलायचं? पुढे तिचा नवरा सेइजिरो युद्धावर गेला आणि दक्षिणेच्या समुद्रात बोटीसकट बुडाला. माहेरून भाऊ न्यायला आला तेव्हा ती म्हणाली, "आत्ता कशी येऊ? मागची बाजू कोण धरील?" भावाला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलं. तो एकटाच परत गेला.

युद्धाची वर्षं तिने आणि काकुजींनी रताळ्याचे वेल उकडून खात काढली आणि स्वतःच्या वाटणीचा तांदूळ पेटीतल्याला घातला. गावाने ते विसरू दिलं नाही. शेजारच्या शिगे-सानची जीभ तर वस्तऱ्यासारखी. कुंपणावरून हाक मारून विचारी, "काय तोमीए-सान, आज भात कोणी खाल्ला? सुनेने की कोंबड्याने?" पण धुण्याला, शेतीला, आजारपणाला पहिली धावून येणारीही तीच होती.

हे सगळं मागे पडून काही वर्षं झाल्यावरची ही गोष्ट. त्या हिवाळ्यात इताची नावाचं मुंगसाएवढं जनावर खुराड्याची फळी कुरतडून आत शिरलं. सकाळी तोमीए दाणे घेऊन गेली तर वंशाचा नर आणि यंदाचे सगळे तरणे कोंबडे गळ्याशी फाटून पडलेले. वरच्या आडव्या बांबूवर बसलेल्या दोन म्हाताऱ्या कोंबड्या तेवढ्या वाचल्या. त्या खाली उतरायलाच तयार नव्हत्या.

घरात आता नर उरला एकच. पेटीतला.

काकुजींनी मेलेले कोंबडे पुरले आणि हात धुऊन ते सरळ उत्तरेच्या खोलीत गेले. पेटीतल्याची शेपूट त्यांनी त्या दिवशी पुन्हा एकदा हातांनी मापून पाहिली. मे महिन्यात शहरात पक्ष्यांचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं. एवढी लांब शेपूट तोसात आजवर कोणी दाखवली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते बहुधा खरंही असावं.

मार्च लागला, कोंबड्या अंडी घालू लागल्या आणि त्याच सुमाराला नदीपलीकडे कोंबड्यांची मानमोडी, त्यांना मारणारी साथ, आली.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. कुठल्याशा व्यापाऱ्याने टोपलीतून आणलेल्या कोंबड्या मेल्या, एवढंच कानावर आलं. मग एका पहाटे तोमीएच्या लक्षात आलं की नदीपलीकडचे कोंबडे आरवत नाहीत. सासरी आल्यापासून तिची सकाळ एकाच क्रमाने उजाडत आली होती. आधी पलीकडचा काठ, मग बांधावरची घरं, मग देवळाची बाजू, मग शिगे-सानचा लाल कोंबडा. पलीकडून आता नुसतं धुकं येत होतं. काही दिवसांनी बांधावरच्या घरांतला आवाज गेला. शाळेच्या मागे सरकारी माणसांनी खड्डा खणला, गाड्यांवरून पांढरा चुना आला. लोक सांगत, कोंबडी आधी पेंगते, मग हिरवं हगते, मग तिची मान उलटी वळते आणि ती आभाळाकडे बघत बसते. ते सांगताना स्वतःच्याही नकळत जो तो मानेला हात लावी.

तोमीएने दोन्ही कोंबड्या आत आणल्या. चुलीजवळच्या मातीच्या जमिनीवर डालग्याखाली ठेवल्या. दाराला अडसर घातला.

"बाबा, या दोघींचा हा शेवटचा वसंत. पुढच्या वर्षी त्या अंडी घालायच्या नाहीत."

"घालतील."

"घातली तरी कोणाची? नर कुठाय?"

काकुजी मासे निवडत बसले होते. "प्रदर्शन होऊ दे. मग बघू."

"प्रदर्शन आता होत नाही, टपालवाला सांगत होता."

"टपालवाल्याने टपाल वाटावं."

"मग डोंगरावरच्या ओकाबायाशींकडून एक नर मागू. त्यांच्याकडे अजून आजार नाही."

ओकाबायाशी म्हणजे या जातीचं दुसरं जुनं घर. तीन पिढ्या दोन्ही घरांनी एकमेकांना अंडंसुद्धा दिलं नव्हतं. काकुजींनी हातातला मासा खाली ठेवला. "त्यांच्या कोंबड्याची शेपूट तिसऱ्या वर्षी झडते. माझ्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"आजोबांनी पाहिलेला कोंबडा मरून किती काळ झाला, बाबा?"

"रक्त मरत नाही." मग मासा पुन्हा उचलत म्हणाले, "आणि त्यांनी फाटक बंद केलंय. त्यांच्या घरची ती किनुए-सान भाजीवालीलाही आत घेत नाही म्हणे."

ते खरं होतं. म्हणजे राहिला एकच मार्ग, आणि तो दोघांनाही ठाऊक होता. शेपूट कापायची, पेटीतल्याला खाली सोडायचं आणि जितकी अंडी मिळतील तितकी मिळवायची. तोमीएने शिवणाची कात्री तीनदा फडताळातून काढली आणि तीनदा परत ठेवली. तिनेही त्या शेपटीमागे तरुणपण चालवलं होतं.

देवळाच्या बाजूचे कोंबडे थांबले त्या सकाळी काकुजी आपणहून म्हणाले, "सोडू त्याला कोंबडीवर. पण कापायची नाही. आपण धरून उभे राहू."

"बाबा, धरून कसं जमेल?"

"तू मागची बाजू धर. मी देठाकडे बसतो."

"आणि कोंबडीला कोण धरणार? ती काय गप्प उभी राहणार आहे?"

काकुजींचे हात आताशा कापत. ते त्यांनी मांडीखाली घेतले आणि म्हणाले, "शिगे-सानला बोलव."

बाहेरच्या माणसाला घरात घ्यायचं नाही, हा नियम त्यांनीच घातला होता. तोमीए म्हणाली, "तिच्या घरी कोंबड्या आहेत." काकुजी म्हणाले, "धडधाकट आहेत. आत्ताच तिचा लाल आरवला, ऐकलं नाहीस?" तेही खरं होतं. तोमीएने कुंपणाशी जाऊन हाक मारली.

शिगे-सान वाळवलेलं रताळं चघळत, कमरेच्या फडक्याला हात पुसत आली. आत पाऊल टाकलं आणि समोरचा प्रकार पाहून दारातच थबकली. पेटीतला मातीवर उभा, त्याच्या मागे गुडघ्यावर बसलेले काकुजी, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला पाठ लावून तोमीए. मधे काळी शेपूट, वाळत घातलेल्या पातळासारखी.

"अगं बाई! नवरदेवाचा पदर धरायला अख्खं घर उभं!"

"थट्टा नंतर कर," काकुजी म्हणाले. "कोंबडी धर."

"धरते हो. पण काकुजी-सान, तुम्ही जरा तोंड फिरवा. त्याला लाज वाटत असेल."

तोमीएलाही हसू आलं. पुष्कळ दिवसांनी त्या घरात कोणी हसलं होतं. शिगे-सानने कोंबडी खाली दाबून धरली. पेटीतल्याने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं, एक पंख खाली सोडला, अर्धी गिरकी घेतली. शेपूट वळली. काकुजींनी ती लगेच सरळ केली. कोंबडा पुन्हा वळला, काकुजींनी पुन्हा सरळ केली. मग त्याने एकदम उसळून कोंबडीच्या पाठीवर पाय ठेवला, आणि काकुजींच्या मुठी घट्ट झाल्या.

"सैल सोडा, बाबा!"

"मोडेल!"

कोंबडा मागे खेचला जाऊन आपटला. उठला, पुन्हा चढला, पुन्हा खेचला गेला. शिगे-सान हसत सुटली. "अहो, सासऱ्याने असा लगाम धरल्यावर संसार कसा व्हायचा? बिचारा!" चौथ्या-पाचव्या वेळी मात्र तीही गप्प झाली. कोंबडा चोच उघडून धापा टाकत होता. काकुजींच्या कपाळावरून घाम वाहत होता, त्यांची बोटं उघडतच नव्हती. म्हातारा वाईट नव्हता. जन्मभर त्या हातांना एकच गोष्ट शिकवली होती.

"असू द्या आता," शिगे-सान हलक्या आवाजात म्हणाली. "मला जायला हवं. माझी एक तलंग कोंबडी सकाळपासून पेंगतेय. दाणा टिपत नाही. जरा बघते."

तोमीएचे हात शेपटीखाली तसेच राहिले. "पेंगतेय?"

"थंडी बाधली असेल गं. सकाळी खुराडं झाडलं तेव्हा कोपऱ्यात बसलेली होती." शिगे-सानने गवती चपला झटकल्या आणि गेली. ती उभी होती तिथे ओल्या मातीत तिच्या चपलेचा ठसा उमटला होता. कडेला काहीतरी हिरवट लागलेलं होतं. कोंबडी डालग्याकडे परत जाताना तिथेच थांबली आणि कोंबडीच्या जातीप्रमाणे तिने ते टोचून पाहिलं.

तोमीएने राख टाकून ती जागा खरवडली, बाहेर नेऊन पुरली, उकळतं पाणी ओतलं. काकुजी पाहत होते. 

दुसऱ्या दिवशी पहाटे शिगे-सानचा लाल आरवला नाही. उजाडल्यावर ती कुंपणापाशी आली, पण नेहमीसारखी रेलली नाही, दहा पावलं अलीकडेच थांबली. तिचे डोळे सुजले होते. "तोमीए, मला ठाऊक नव्हतं गं," एवढंच म्हणाली आणि परत गेली.

तोमीएने कात्री आणली. तिने विचारलं नाही, काकुजींनी अडवलं नाही. पेटीतल्याला मांडीवर घेऊन ती बसली तेव्हा ते तिच्याजवळ सरकले आणि त्या घरात फक्त त्यांनाच माहीत होतं ते सांगू लागले. "देठाकडून हातभर सोड. आत रक्त असतं. एकेक पीस घे. सगळी एकदम घेऊ नकोस, कात्री घसरेल." प्रत्येक पीस सुटलं की ते आपल्या तळहातावर घेत आणि सरळ लावून ठेवत.

शेवटचं पीस गेल्यावर तिने कोंबड्याला खाली ठेवलं. त्याने पाऊल उचललं आणि तो छातीवर पुढे कोसळला. इतकी वर्षं मागच्या ओझ्याला तोलून उभं राहायची सवय. दिवसभर तो असा पडत उठत राहिला. कोंबड्यांनी त्याला टोचून हाकललं. दुसऱ्या दिवशी दुपारी तोमीए भांडी घासत होती, तेव्हा मागे पंख फडफडल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा आला, तेव्हा मात्र पाहिलं. काकुजी आत उत्तरेच्या खोलीत कापलेली शेपूट मांडीवर घेऊन, रिकाम्या पेटीसमोर बसले होते.

"बाबा, जमलं त्याला!"

"हं," काकुजी म्हणाले. "यंदा नऊ हात भरली असती."

पहिली अंडी अजून आधीच्याच दिवसांची असणार, त्यांत जीव नसणार, हे तोमीए जाणत होती. तिने ती वेगळी ठेवली. नंतरच्या अंड्याची ती वाट पाहत राहिली, आणि एकीकडे दोन्ही कोंबड्यांच्या मानांकडे. दोघींतल्या मोठीने दाणा सोडला. मग ती डालग्याच्या कडेला पेंगू लागली. दुसरीने त्या सकाळी एक अंडं घातलं, कोमट, तपकिरी झाक असलेलं. तोमीए ते उचलत होती तेव्हाच मोठीची मान हळूहळू, कोणीतरी पिरगाळत असल्यासारखी, वर आणि मागे वळत गेली.

खबर दिली ती तोमीएनेच. लपवून काही उपयोग नव्हता, शिगे-सानच्या घरी आलेली माणसं पुढच्या घरी येणारच होती. ती आली तोंडाला फडकी बांधून. त्यांतला एक गावातलाच, त्याने मान खाली घातली होती. त्यांनी दोन्ही कोंबड्या पोत्यात घातल्या. पेटीतला अजून धडधाकट दिसत होता. तो पोत्यात जाताना ओरडला. टोपलीतली अंडी गेली, डालगं गेलं.

"पिसंसुद्धा जाळायची असतात, काकुजी-सान," तो गावातला माणूस म्हणाला. "माफ करा."

काकुजींनी शेपूट त्याच्या हाती दिली नाही. "मी आणतो," म्हणाले. शाळेमागच्या खड्ड्यापर्यंत म्हातारा स्वतः चालत गेला, दोन्ही हातांवर ती तोलून. मागे तोमीए होती. सवयीने तिने टोक उचलून धरलं होतं. रस्त्यात लोक बाजूला होत होते. एकदाही ते टोक जमिनीला लागलं नाही.

"घरात आणखी काही?" खड्ड्याच्या काठावर त्या माणसाने विचारलं.

काकुजींनी सुनेकडे पाहिलं. तोमीएचा एक हात टोकाखाली होता, दुसरा कमरेच्या पट्ट्यावर. त्यांना समजलं असावं. ते वळून खड्ड्यातल्या चुन्याकडे बघू लागले.

"काही नाही," तोमीए म्हणाली.

पट्ट्यातलं ते अंडं थंड जागी पाच-सहा दिवस थांबू शकतं. पण त्याला उबवायला खुडूक कोंबडी लागते, आणि खोऱ्यात आता एकही कोंबडी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने आंघोळ केली, वेगळे कपडे घातले, कोऱ्या चपला पायात घातल्या. वाटेत ओढ्यावर हातपाय पुन्हा धुतले. अंडं मात्र धुतलं नाही. धुतलेलं अंडं उबत नाही, हे त्या घरात कोणाला शिकवावं लागत नसे. नुसतं कोरड्या फडक्याने पुसून तिने ते परत पट्ट्यात ठेवलं. रोग कवचाला चिकटून जातो का, आतून जातो का, की जातच नाही, हे तिला माहीत नव्हतं. गुरांच्या डॉक्टरला विचारता आलं असतं. पण विचारायचं तर अंडं आहे हे सांगावं लागलं असतं. चढणीवर दोनदा ती थांबली. दुसऱ्यांदा बराच वेळ थांबली. खाली खोऱ्यात चुन्याचे पांढरे चट्टे दिसत होते आणि वरून, ओकाबायाशींच्या आवारातून, भर सकाळी तीन-चार कोंबडे एकमेकांवर कडी करत ओरडत होते. इतक्या दिवसांनी तो आवाज कानावर पडला आणि तिचे पाय आपोआप पुढे निघाले.

फाटकासमोर चुन्यात भिजवलेलं गवत पसरलं होतं. तिने त्यावर पाय नीट पुसले आणि हाक मारली.

"कोण आहे? तिथेच थांबा!" किनुए-सानचा आवाज फाटकामागून आला.

"मी निशिमोरींची तोमीए. एक अंडं आणलंय. तुमच्याकडे खुडूक कोंबडी असेल तर..."

आवाज फाटकाच्या अगदी जवळ आला, बारीक झाला. "निशिमोरींचं अंडं? आम्हाला?"

"हो."

"कोणाचं? वंशाचा नर तर इताचीने नेला म्हणे."

"पेटीतल्याचं," तोमीए म्हणाली.

किनुए-सानने श्वास आत घेतलेला बाहेर ऐकू आला. तीन पिढ्या या घराने निशिमोरींच्या पेटीतल्या कोंबड्यांविषयी फक्त ऐकलं होतं. फळीतल्या फटीला एक डोळा लागला आणि तोमीएच्या कमरेवरच्या हातापाशी थांबला.

"तोमीए-सान, तुमच्याकडे कोंबड्या आजारी नाहीत ना? खरं सांगा हं."

"आमच्याकडे आता एकही आजारी कोंबडी नाही," तोमीए म्हणाली.

शब्द न् शब्द खरा होता. किनुए-सानने आणखी एक प्रश्न विचारला असता तर तोमीए खोटं बोलू शकली नसती, एवढं तिला स्वतःविषयी माहीत होतं. ती वाट पाहत उभी राहिली. कोपरं अंगापासून दूर, जरा वर.

आतून अडसर सरकवल्याचा आवाज आला.